खालून काढलेली भाजी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. उचलला नाही. लगेच पुन्हा आला. बाबा लागोपाठ दोनदा फोन करत नाहीत, म्हणून लॅपटॉप तसाच उघडा ठेवून बाहेर आलो.

“यंदा पानग्याची भाजी तू करशील,” ते म्हणाले.

“मी?”

“मंग कोन? मले त तुही माय चुलीपाशी उभं नाई राहू देत.”

मी हो म्हणालो. रात्री फ्लॅटवर आलो आणि सॉफ्टवेअरवाला माणूस जे करतो तेच केलं, एक नवं डॉक्युमेंट उघडलं. वर लिहिलं ‘पानगे : साहित्य’. खाली वांगे, आलू, कांदे, खोबरं, लसूण, अद्रक, सांबार, तेल, हळद, तिखट, मीठ. मग ‘टमाटर’ लिहिलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पुढचा सगळा गोंधळ त्या प्रश्नचिन्हापासून सुरू झाला.

ज्यांनी पानगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट कणीक मळायची. तळहाताएवढे जाड गोळे थापायचे, वर-खाली पळसाचं पान लावायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. पान जळून जातं, त्याच्या शिरा पानग्यावर उमटतात. गरम पानगा फोडून त्यावर तूप, आणि सोबत वांग्याची रस्सा भाजी. हे घरात करायचं काम नाही, हे वावरात करायचं. थंडीत कापसाचे पहिले वेचे होऊन गेलेले असतात, तूर उभी असते, तेव्हा रविवारी वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात झाडाखालून धूर निघताना दिसला तर समजायचं की तिथे पानगे चालू आहेत.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. आमच्याकडे हे दरवर्षी जानेवारीत होतं. शेजारच्या वावरातली सात-आठ घरं, आमच्याकडे वेचणी-निंदणीला येणारी माणसं, नागपूर-हिंगणघाटचे पाहुणे मिळून साठेक लोक. पानगे सगळे मिळून थापतात. पण भाजी बाबांची. घरी चहापलीकडे काहीही न करणारा हा माणूस त्या दिवशी सकाळी सहाला वावरात जाऊन चूल मांडतो आणि दुपारपर्यंत सराटा कुणाच्या हातात देत नाही. मला आठवतं तेव्हापासून हेच आहे. आणि मला आठवतं तेव्हापासून त्या भाजीत टमाटर नाही. घरच्या भाजीत आई टमाटर टाकते, बाबा मुकाट्यानं खातात. वावरातल्या गंजात मात्र नाही म्हणजे नाही.

०

आमच्या फ्लॅटमध्ये तिघं राहतो. एक कोल्हापूरचा, एक मालवणचा, मी वर्ध्याचा. पहिल्या महिन्यात मी कोल्हापूरकराला “येताना सांबार घेऊन ये” म्हणालो, तर तो सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला अजूनही पटलेलं नाही. तेव्हापासून रश्श्यात काय असावं यावर आमचं रोज भांडण. मालवणकराला ओला नारळ नसलेला रस्सा हा रस्साच वाटत नाही. कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्याच्या पुढे जायला तयार नाही. आणि मी ‘तर्री म्हणजे काय असते ते तुम्हाला कळणारच नाही’ असं म्हणून, तर्री येते कशी हे धड माहीत नसताना, विदर्भाची बाजू लढवत असतो.

यात एक दिवस टेक्सासही आलं. आमच्या क्लायंटची टीम तिथली. एकदा कॉल सुरू व्हायच्या आधी त्यांच्यातले दोघं हमरीतुमरीवर आले होते. कारण, ऑफिसच्या जेवणात कुणीतरी चिलीमध्ये राजमा टाकून आणला होता. त्यांच्याकडे चिली म्हणजे नुसती मिरची नाही. लाल मिरच्यांच्या वाटणात तास न् तास शिजवलेला मांसाचा घट्ट रस्सा म्हणजे चिली. तिच्यात शेंगदाणे-राजमा-वाल कुठल्याच जातीचे दाणे चालत नाहीत, अशी टेक्सासच्या लोकांची श्रद्धा. नंतर मी शोधलं, तर १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीरच करून टाकलंय. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, सॅन अँटोनियो शहराच्या चौकात मेक्सिकन वंशाच्या बायका रात्री कंदील लावून हा रस्सा विकायच्या. त्यांचं पातेलं आधी, नियम नंतर. त्या दिवशी स्वस्त मिळालं ते त्या पातेल्यात जात असणार.

मला हसू आलं, पण माझी गतही तीच होती. ‘आमच्या भाजीत टमाटर नसतं’ हे मी फ्लॅटवर दहा वेळा छातीठोकपणे सांगितलं होतं. का नसतं, हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. परंपरा म्हणावी तर टमाटर दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, पण मग मिरचीही तिथलीच. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. आलू तिकडचा, शेंगदाणाही तिकडचा. आमच्या गंजात मूळचं इथलं शोधायला गेलो तर वांगं, हळद, तीळ एवढ्यावरच गाडी थांबते. म्हणजे बाबांच्या नियमाचं कारण दुसरं काहीतरी होतं.

०

बाबांना चुलीपाशी का उभं राहू देत नव्हते, ते सांगायला हवं.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाबा फवारणीहून येताना बांधावरच बसले. चक्कर आली म्हणाले. दोन दिवसांपासून काळी संडास होत होती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नेलं, रक्त द्यावं लागलं, दुर्बीण घालून पाहिलं तर पोटात अल्सर आणि त्यातून रक्तस्राव. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पोचेपर्यंत घरातल्या सगळ्यांचं निदान करून झालं होतं. तर्री. आई म्हणत होती, तर्रीनं पोट जाळलं. काका म्हणत होते, मी किती वर्षांपासून सांगून राहिलो. बाबा पलंगावर पडून गुन्हेगारासारखे ऐकत होते.

डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला. “गोळ्या कोणत्या घेता?”

गुडघेदुखीची गोळी. तीन वर्षांपासून, जवळजवळ रोज. सकाळी वावरात जायच्या आधी, बहुतेक वेळा उपाशीपोटी, कारण तेव्हा घेतली की दुपारपर्यंत पाय चालतो. आधी गावातून दोन-दोन गोळ्या आणायचे. नंतर मी पुण्याहून मागवून द्यायला लागलो. अ‍ॅपवर दहा पाकिटं एकदम घेतली की सवलत मिळायची. ‘बाबांची औषधं’ असं मी मोठ्या अभिमानानं रिमाइंडर लावलं होतं.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की अल्सर मिरचीमुळे होत नाही. बहुतेक अल्सरमागे दोनच कारणं असतात. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि दुसरं या वेदनाशामक गोळ्या. जिवाणूची गोष्ट मी नंतर वाचली. ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन या दोन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात तो अल्सरशी जोडून दाखवला, आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी जगभर हेच समजलं जायचं की अल्सर तिखटानं आणि काळजीनं होतो. बाबांची जिवाणूची चाचणी कोरी आली. म्हणजे गोळ्या.

तर्री सुटली. पण जखम भरेपर्यंत तिखट-आंबट बंद, कारण झालेल्या जखमेवर ते झोंबतंच. आणि जखम भरल्यावरही बाबांना तिखटाचा घास सहन होईना. डिसेंबरात एकदा त्यांनी चोरून ठेचा खाल्ला आणि रात्रभर उठून बसले.

बाबांच्या पोटात काय काय जातं याची यादी आमच्या घरात प्रत्येकाकडे होती. त्या गोळ्या त्यात कुणीच लिहिल्या नव्हत्या. माझ्याकडे तर त्यांच्या पावत्या होत्या.

०

म्हणून मी डॉक्युमेंटमध्ये आणखी एक रकाना वाढवला. ‘का?’

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं असेल तर तुम्हाला हे माहीत असेल. कोडमध्ये कुठेतरी एक विचित्र अट दिसते. अमुक असेल तर तमुक करू नका. लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला, कारण कुठेच नोंदवलेलं नाही. नवा मुलगा ती ओळ उडवतो आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी बंद पडतं. किंवा सगळे घाबरून ती ओळ दहा वर्षं तशीच ठेवतात आणि नंतर कळतं की ज्या मशीनसाठी ती लिहिली होती ते मशीनच भंगारात गेलंय. दोन्ही वेळा उपाय एकच, आधी कारण शोधायचं.

ख्रिसमसच्या सुट्टीत गावी गेलो आणि फोन हातात घेऊन प्रत्येकाला विचारत सुटलो.

खोबरं का? आई म्हणाली, आधी नव्हतं. आजोबांच्या वेळी तीळ आणि शेंगदाणे वाटून टाकायचे, ते घरचे असायचे. मोठे बाबा एसटीत लागले आणि हातात दर महिन्याला पगार आला, तेव्हापासून खोबरं.

खसखस का? ती महाग, आणि २०१९ पासून आईनंच बंद केलीय. बाबांना सांगितलं नाही. “तुह्या बाबाले समजलंबी नाई. दरसाली मनते, खसखशीनंच रस्सा दाट आला.”

हळद वायगावची. त्याला कारण लागत नाही. वायगाव आमच्याच तालुक्यातलं, ‘वायगाव हळद्या’ असंच म्हणतात त्याला. त्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिखट भिवापुरी मिरचीचं. भिवापूर जिल्ह्यानं नागपूरचं असलं तरी आम्हाला घरच्यासारखं. ती मिरचीही मानांकनवाली.

आणि तेल? ते सोयाबीनचं, कारण दुकानात तेच स्वस्त. मोठी आई म्हणाली, तिच्या माहेरी जवसाचं तेल असायचं, घाण्यावरून काढून आणलेलं. आता गावात घाणा नाही आणि जवसही कुणी पेरत नाही. सोयाबीन मात्र आमच्याही वावरात आहे.

सोयाबीनवरून मला एक जुनी गोष्ट आठवली. मी इंजिनिअरिंग सेवाग्रामला केलं. चार वर्षं आश्रमावरून येणं-जाणं. तेव्हा कधीतरी वाचलं होतं की १९३५ साली, सेवाग्रामला राहायला जायच्या आधी, गांधीजींनी वर्ध्यातच मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले होते. गरीब माणसाला स्वस्तात पोषण कसं मिळेल हा त्यांचा प्रश्न होता. सोयाबीन शिजवून जेवणात वाढायचं आणि लोकांची तब्येत, वजन यांच्या नोंदी ठेवायच्या, आणि ते ‘हरिजन’मध्ये लिहायचं. मगनवाडी म्हणजे जिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ होता, जिथे कुमारप्पा घाण्याच्या तेलाबद्दल लिहीत होते. आज त्या जिल्ह्यात सोयाबीनचे वावरंच्या वावरं आहेत आणि घाणे गेले. गांधीजींचं सोयाबीन आलं, पण त्यांना हवं होतं तसं नाही. आम्ही ते खात नाही. आम्ही ते विकतो आणि त्याचं तेल पाकिटातून विकत आणतो.

सेवाग्रामच्या आश्रमात एकादश व्रतं आहेत. त्यातलं एक व्रत अस्वाद. जिभेसाठी खायचं नाही, शरीर चालावं म्हणून खायचं. कॉलेजात असताना आम्ही आश्रमावरून पुढे टपरीवर जाऊन तर्री-पोहे खायचो आणि या व्रतावर विनोद करायचो. अल्सर झाल्यापासून तो विनोद बाबांनी उचलला होता. कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, “डॉक्टरनं मले सेवाग्रामले पाठवलं बापा. दूध-भात, दूध-भात.” ऐकणारे हसायचे. बाबा हसत नसत.

०

टमाटरचं कारण शेवटी मोठ्या आईकडे सापडलं.

“भेदरं?” ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका टमाटरला भेदरं म्हणतात. “भेदरं कसे टाकतीन रे? पितळी गंज होता नं तो. कल्हई कुठी होती त्याले?”

तेव्हा मला तो गंज आठवला. मी फार लहान होतो. मोठा, पिवळा, काठावर आजोबांचं नाव कोरलेला. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. आंबटातलं आम्ल तांब्या-जस्ताला धरतं, रंग हिरवट होतो, चव तुरट-कडू होते, खाणाऱ्याला मळमळ, उलट्या. म्हणून आतून कथलाची कल्हई लावतात. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाच्या बोळ्यानं पुसायचं. कल्हईवाला वर्षातून एकदा गावात यायचा. मग यायचा बंद झाला. गंजाची कल्हई उडाली. एवढा मोठा गंज डोक्यावर घेऊन हिंगणघाटला कोण जाणार? तेव्हा आजोबांनी नियम केला की या गंजात आंबट पडणार नाही. चिंच नाही, भेदरं नाही. साठ माणसं जेवणार, एकालाही काही व्हायला नको.

तो गंज एका वाईट वर्षी मोडीत गेला. आता गंज बिछायत केंद्रातून भाड्यानं येतो, स्टीलचा. त्यात टमाटर टाका, लिंबू पिळा, काही होत नाही. पण बाबांनी आजोबांकडून नियम घेतला होता, कारण घेतलं नव्हतं. मी ते त्यांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आसन. बुढा सांगत नव्हता काऊन ते. नाई मनलं का नाई.”

मग मी खरा प्रश्न विचारला. “तिखट का एवढं?”

साठ लोकांच्या भाजीत पाऊण किलो तिखट जातं. वर बोटभर तर्री उभी राहते. आमच्या शिवारातली भाजी सगळ्यात जहाल, अशी तिची ख्याती. बाबा ज्या आनंदानं लोकांच्या नाकातून पाणी येताना पाहतात तो आनंद मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही. मला वाटलं होतं, ते म्हणतील आपल्याकडे असंच असते.

ते म्हणाले, “वांगे पुरत नव्हते.”

“म्हणजे?”

“साठ मानसं, आन् वांगे सहा किलो. कसे पुरवाव? तिखट असलं का मानूस भाजी चाटून खाते आन् पानगा जास्त खाते. पानी पेते. पोट भरते. गहू घरचा होता. तेलाले पैसे लागे, तिखटाले नाई, मिरच्या वावरात.”

आता वांगे बारा किलो येतात, आलूही तीन किलो पडतात. पुरवायचं काही कारण उरलेलं नाही. तिखट मात्र तेवढंच राहिलं, आणि मधल्या काळात त्याचा अभिमान झाला.

०

खरी अडचण इथून पुढे होती. मला वाटलं होतं ती सोपी आहे.

“बाबा, तुमच्यासाठी वेगळी काढू,” मी म्हणालो. “तिखट टाकायच्या आधी एक गंजुली बाजूला.”

“नको.”

“का?”

“मी घरून दूध-भात खाऊन येईन.”

मला कळेना. त्या रात्री आईनं भांडी घासता घासता सांगितलं. आजोबांच्या वेळी पंगती दोन बसायच्या. आपली माणसं झाडाखाली, आणि मजूर बांधापलीकडे, त्यांना भाजी वेगळ्या भांड्यातून, वरून वाढायची. बाबांनी हे लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मोडलं. आजोबा त्या वर्षी जेवले नाहीत, उठून घरी गेले. बाबांनी फार भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले की गंज एक, पंगत एक. ज्याला पटत नसेल त्यानं घरी खावं. बाबा हे कधी सांगत नाहीत. मी इतकी वर्षं ती पंगत पाहतोय, ती अशीच असते असं मला वाटायचं. तीही कुणीतरी केली होती.

आणि मी त्याच माणसाला त्याच पंगतीत वेगळं भांडं देत होतो.

मग काय करायचं? सगळ्यांचीच भाजी फिकी केली तर पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत, पण वर्षभर ‘पोराची भाजी’ म्हणून हसतील, आणि ते बाबांना जास्त लागेल. नेहमीसारखी केली तर बाबा घरी दूध-भात.

उपाय आईनं सांगितला. तिला तो उपाय वाटतही नव्हता. “लेकरायले कसं वाढतो आम्ही? खालून काढतो.”

हे मी हजारदा पाहिलं होतं. पंगतीत लहान मूल असलं की वाढणारी बाई पळीनं वरची तर्री बाजूला सारते, पळी तळाशी नेते आणि फोडी वर काढते. मीही तसाच खाऊन मोठा झालो. यामागे रसायनशास्त्र आहे. मिरचीतला तिखटपणा कॅप्सेसिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. म्हणून तर्री लाल, आणि भाजीतला बराच जहालपणा वरच्या तेलात. खालची भाजी तीच, मसाला तोच, फक्त झणका कमी. गावातल्या बायकांना हे कॅप्सेसिनचं नाव न घेता माहीत होतं.

मी फक्त ते एक पाऊल पुढे नेलं. गंजातलं तिखट पाऊण किलोवरून शंभर ग्रॅमवर आणायचं, नुसतं रंगापुरतं. बाकीच्याची तर्री वेगळ्या गंजुलीत करायची. तेल तापवून, आच कमी करून, वाटलेल्या कांदा-खोबऱ्यात तिखट परतायचं आणि वरून उकळतं पाणी. थंड पाणी टाकलं तर तर्री वर येत नाही, हा धडा मी पुण्यात दोनदा भाजी बिघडवून शिकलो होतो. गंज एक. पंगत एक. तर्री ज्याला जेवढी पाहिजे तेवढी.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “हे हाटेलवाले करतात.”

“हो.”

“वाढन कोन तर्री?”

मी पटकन म्हणालो, “तुम्ही.”

०

जानेवारीतला तो रविवार धुक्याचा होता. सकाळी साडेसहाला मी चूल पेटवली तेव्हा बाबा आधीच येऊन बाजेवर बसले होते. सराट्याला त्यांनी हात लावला नाही, पण तोंड बंद ठेवलं नाही. कांदा आणखी भाज. खोबरं जळून राहिलं. वांग्याचे देठ एवढे नको छाटू, देठातच चव असते. बारा किलो वांगे चिरून मिठाच्या पाण्यात टाकेपर्यंत माझी बोटं काळी पडली. वाटण मिक्सरचं होतं, त्यावरही एक टोमणा झाला. दहा वाजता भाजी उकळायला लागली आणि तो वास आला, वांग्याचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा. तेव्हा बाबा उठून गंजापाशी आले आणि नुसते वाकून पाहत उभे राहिले.

टमाटर मी टाकलं नाही. गंज स्टीलचा होता, जुनं कारण संपलं होतं. पण आंबटही बाबांना झोंबतं. डॉक्युमेंटमध्ये लिहिलं : ‘टमाटर : यंदा नाही. का? बाबांचं पोट. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं.’

पहिली पंगत बसली. मी भाजी वाढत पुढे गेलो आणि माझ्यामागून बाबा एका हातात स्टीलची बादली, दुसऱ्या हातात पळी घेऊन निघाले. पहिल्या ताटापाशी शेजारच्या वावरातले काका भाजीकडे पाहून म्हणाले, “हे काय रे, पोट्ट्यानं पांढरी केली भाजी?” बाबांनी उत्तर न देता एक पळी ओतली. मग दुसरी. काका म्हणाले, “बस, बस.” बाबा म्हणाले, “काऊन? आता काऊन बस?” पंगतीत हशा पिकला. त्यानंतर बाबांना आवरणं कठीण झालं. लंगडत, गुडघा धरत ते प्रत्येक ताटापाशी थांबले. वेचणीला येणाऱ्या एका आजीनं नको म्हटलं, तर तिला आग्रह केला नाही. तिच्या शेजारच्या पोराला अर्धीच पळी दिली. त्या दिवशी बाबांनी आजाराचं नाव काढलं नाही आणि दुसऱ्या कुणीही त्यांची तब्येत विचारली नाही.

वाढणाऱ्यांची पंगत शेवटची. बाबा माझ्या शेजारी मांडी न घालता, पाय लांब करून बसले. आईनं पळी गंजात घातली.

“खालून काढ,” ते म्हणाले.

त्यांच्या ताटात आणि माझ्या ताटात एकाच गंजातली भाजी होती. मी तर्री घेतली, त्यांनी घेतली नाही, आणि त्या गडबडीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी पानगा फोडला, तुपात बुडवला, भाजीला लावला, एक घास घेतला. मी त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होतो. पाच महिन्यांनंतर ते पहिल्यांदा पंगतीत जेवत होते.

“मीठ कमी हाये,” ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

रात्री फोन उघडून डॉक्युमेंटमध्ये पाहिलं. बाकी सगळ्यासमोर आकडे होते. वांगे बारा किलो, आलू तीन, खोबरं एक, तेल तीन लिटर. मिठापुढची जागा रिकामी होती. तिथे लिहिलं : ‘बाबांना विचारून.’